लग्नाचा शब्द मोडला, भाडेकरार मात्र चालू आहे: दोघांच्या घरातून नीट बाहेर कसं पडायचं

पुणे, ठाणे, नवी मुंबई या भागांत नोकरी करणाऱ्या अनेक जोडप्यांच्या बाबतीत हे घडतं. वर्षभरात लग्न करू असं ठरतं. तोपर्यंत दोन ठिकाणी भाडं कशाला भरायचं म्हणून एकत्र फ्लॅट घेतला जातो आणि डिपॉझिट दोघं मिळून भरतात. चार-पाच महिन्यांनी एकाचा शब्द फिरतो. घरचे तयार नसतात, मन बदललेलं असतं, किंवा मनात पहिल्यापासून नव्हतंच. नातं त्या दिवशी थांबतं, करार थांबत नाही. पाच तारीख आली की भाडं द्यावंच लागतं.

अशा वेळी माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: नात्याचा हिशेब आणि घराचा हिशेब वेगवेगळे ठेवा. लग्नाच्या मोडलेल्या शब्दाची भरपाई डिपॉझिटमधून करून घ्यायला गेलात, किंवा डिपॉझिट मिळावं म्हणून पोलिसांत जायची धमकी दिलीत, तर दोन्ही प्रश्न चिघळतात. घराचा शब्द कागदावर आहे आणि तो पाळायला लावता येतो. म्हणून मन कितीही दुखावलेलं असलं तरी आधी कागद हातात घ्या.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या घरांसाठी आहे. भाड्याचे कायदे राज्यागणिक बदलतात.

सगळ्यात आधी: घरात राहणं सुरक्षित आहे का?

मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं यांतलं काहीही होत असेल तर करार, लॉक-इन (ज्या मुदतीच्या आत घर सोडायचं नाही असं करारात ठरलेलं असतं ती मुदत), डिपॉझिट हे सगळं नंतर. ११२ वर फोन करा. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. ओळखपत्रं, बँकेची कागदपत्रं, औषधं आणि फोन घेऊन बाहेर पडा. बाकीचं सामान नंतर कोणाला तरी सोबत घेऊन आणता येतं.

एक गोष्ट अनेकींना माहीत नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा फक्त विवाहित स्त्रीसाठी नाही. लग्नासारख्या स्वरूपाच्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही तो लागू होतो. ज्या घरात दोघं एकत्र राहिले, त्या घरात राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो, मग ते घर भाड्याचं असो आणि करार एकट्या पुरुषाच्या नावावर असो. न्यायदंडाधिकारी त्याला तिच्यासाठी दुसऱ्या जागेची सोय करायला किंवा तिचं भाडं द्यायलाही सांगू शकतात. अर्ज जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. मात्र प्रत्येक नातं यात बसत नाही. किती काळ एकत्र राहिलात, संसार आणि खर्च एकत्र होता का, चारचौघांत जोडपं म्हणून वावरत होतात का, हे न्यायालय पाहतं.

असा धोका नसेल तर पुढचं वाचा.

पहिल्या दोन दिवसांत करार उघडा

आपण सही केलेला करार बहुतेकांनी नीट वाचलेला नसतो. प्रत सापडत नसेल तर ज्या एजंटने नोंदणी करून दिली त्याच्याकडून पीडीएफ मागवा. मग पुढच्या गोष्टी शोधून वहीत लिहा.

नावं कोणाची आहेत? यावर जवळजवळ सगळं ठरतं. दोघांची नावं असतील तर दोघंही घरमालकाला बांधील आहात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार दोघांनी मिळून दिलेलं वचन घरमालक कोणा एकाकडूनही पूर्ण वसूल करू शकतो. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ‘माझं अर्धं मी दिलं, उरलेलं तिच्याकडून घ्या’ हे त्याच्यापुढे चालत नाही. पण त्याच कलमात असंही आहे की एकाने पूर्ण भरलं तर तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. करारात तुमचं नाव नसेल तर घरमालकाकडून डिपॉझिट मागण्याचा थेट हक्क तुम्हाला नाही. तुमचा हक्क तुमच्या जोडीदाराकडे, आणि पुरावा म्हणजे तुम्ही पाठवलेले पैसे.

लॉक-इन किती महिन्यांचं आहे आणि नोटीस कधी देता येते? काही करारांत लॉक-इन चालू असताना नोटीस देऊन दोन्ही एकाच दिवशी संपवता येतात. काहींत लॉक-इन संपल्यावरच नोटीस द्यावी लागते. या एका ओळीने एक महिन्याच्या भाड्याचा फरक पडतो.

डिपॉझिटमधून काय कापता येईल? रंगकाम, साफसफाई, थकलेलं वीजबिल, मोडतोड. रंगाच्या खर्चाचा उल्लेख आहे का, ते खास बघा.

करार नोंदवलेला आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नुसत्या नोटरीवर काम भागवलेल्या घरमालकाशी बोलताना हे लक्षात ठेवा.

त्याच दिवशी दोघांमधले यूपीआय व्यवहार, बँक स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा. चिडून चॅट पुसू नका. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून हे संभाषण पुरावा म्हणून देता येतं, आणि मूळ फोन जपलेला असेल तर काम सोपं होतं.

शब्द कसा मोडला, ते एकदा विचारून घ्या

एकच भेट, दिवसाच्या वेळी, दोघंच, किंवा दोघांना चालेल असा एक मित्र सोबत. या भेटीत नातं वाचवायचा प्रयत्न करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण उत्तर मात्र नेमकं मागा. ‘घरी बोलतो’, ‘बहिणीचं होऊ दे, मग बघू’, ‘दिवाळीनंतर’ अशा वाक्यांवर माणसं वर्षं घालवतात. मी तीन प्रश्न सुचवेन. घरी कोणाशी बोललास, आणि ते काय म्हणाले? पुढचं पाऊल कोणतं, कोणत्या तारखेला? आणि ती तारीख उलटली तर आपण दोघांनी काय समजायचं?

तिन्ही प्रश्नांना टाळाटाळ मिळाली तर ते उत्तरच आहे. घरच्यांच्या दबावाखाली खरोखर अडकलेला माणूस निदान कोण काय म्हणालं ते सांगू शकतो. जो तेही सांगत नाही, त्याच्यासाठी आणखी एक लॉक-इन काढू नका.

भेटीनंतर त्याच संध्याकाळी एक साधा मेसेज पाठवा. आरोप नकोत, जुनी उणीदुणी नकोत. उदाहरणार्थ: ‘आज आपलं बोलणं झालं. लग्न करायचं नाही हे तू स्पष्ट सांगितलंस. आता घराबद्दल ठरवायचं आहे. डिपॉझिटचे ६० हजार मी आणि ४० हजार तू दिलेस. घर कोणी ठेवायचं की सोडायचं, हे रविवारपर्यंत ठरवू.’ याला ‘हो’ एवढं उत्तर आलं तरी रकमांबद्दलचा वाद निम्मा संपतो.

तीन वाटा, आणि पैशांचं गणित

पहिली वाट: एक जण राहतो, दुसरा जातो. भाडं एकट्याला झेपणार असेल तर ही सगळ्यात कमी त्रासाची. मात्र नुसत्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. नोंदणीकृत करारात तुमचं नाव आहे तोवर जबाबदारी तुमची आहे, तुम्ही नाशिकला परत गेलात तरी. जुना करार दोघांच्या सहीने रद्द करून राहणाऱ्याच्या नावाने नवा करा. खर्च फारसा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव (म्हणजे मिळालं असं धरलेलं) व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं, आणि नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये. महिना २८,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क आठशे रुपयांच्या आसपास येतं. दुसऱ्याचा डिपॉझिटमधला वाटा राहणाऱ्याने त्याला नवा करार होण्याआधी द्यावा.

दुसरी वाट: जाणाऱ्याच्या जागी दुसरा फ्लॅटमेट. घरमालकाची लेखी परवानगी हवी, त्याचं नाव करारात हवं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नव्याने द्यायला हवी. ‘मालक कुठे बघायला येतोय’ म्हणून कोणाला परस्पर ठेवलंत तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

तिसरी वाट: दोघांनी घर सोडायचं. इथे आकडे मांडून बघू. भाडं २८,०००, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना, आणि करारात लॉक-इन चालू असताना नोटीस द्यायची मुभा आहे. तुम्ही चौथ्या महिन्याच्या शेवटी नोटीस दिलीत आणि पाचव्याच्या शेवटी निघालात. घरमालक लॉक-इनच्या उरलेल्या एका महिन्याचे २८,००० मागतो, वीजबिल वगैरे २,००० थकलंय. एक लाखातून ३० हजार गेले, ७० हजार परत आले. खर्च निम्मा-निम्मा धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ हजार. ज्याने ६० हजार दिले होते त्याला ४५, ज्याने ४० दिले त्याला २५. परत आलेल्या रकमेचे सरळ दोन भाग केले तर एकावर अन्याय होतो, आणि बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात.

शब्द एकाने मोडला, मग लॉक-इनचा भुर्दंड दुसऱ्याने का सोसायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते शब्द फिरवणाऱ्याने तो आपणहून उचलावा, आणि तसं मागायला संकोच वाटू नये. पण दोघांत काही लिहिलेलं नसेल तर कायदा निम्मा-निम्मा धरतो, म्हणून ही मागणी बोलण्यातूनच मान्य करून घ्यावी लागते.

लॉक-इनचे पैसे द्यावेच लागणार असतील तर तो महिना घर वापरा. रिकाम्या घराचं भाडं भरण्यापेक्षा एकाला नवी जागा शोधायला तेवढा वेळ मिळतो. घरमालकाशी बोलायलाही जागा आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, तो आकडा ही कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की नुकसान झालेलं असणं ही अशा भरपाईची मूळ अट आहे. दहा दिवसांत नवा भाडेकरू आला असेल तर पूर्ण महिन्याची मागणी टिकवणं घरमालकाला अवघड जातं. चांगला भाडेकरू तुम्हीच शोधून दिलात तर बरेच मालक लॉक-इन सोडून देतात.

घरमालकाला सांगताना

तुमच्या नात्याचं काय झालं हे सांगायची गरज नाही. सोसायटीत त्याची चर्चा होते आणि मालकाला नसते प्रश्न पडतात. फोनवर आदराने बोला, मग लगेच लेखी पाठवा: ‘नमस्कार काका. वैयक्तिक कारणामुळे आम्ही दोघंही फ्लॅट सोडत आहोत. करारातल्या अटीप्रमाणे ही आजपासून एक महिन्याची नोटीस. जागा ३१ तारखेला रिकामी करून किल्ल्या देऊ. कपात कोणती आणि किती, हे त्याआधी सांगावं, म्हणजे त्याच दिवशी डिपॉझिटचा हिशेब पूर्ण करता येईल.’ हेच ईमेलवरही पाठवा, दोघांनाही त्यात ठेवा.

शेवटचं भाडं न देता ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणायची पद्धत सर्रास आहे. मालकाने लेखी हो म्हटलं तरच करा. नाहीतर करार मोडणारे तुम्ही ठरता आणि पुढची बोलणी त्याच्या हातात जातात.

जागा सोडायचा दिवस

मालक किंवा त्याचा माणूस समोर असू द्या. प्रत्येक खोलीचा, भिंतींचा, नळ, गिझर, पंखे, खिडक्यांचा सलग व्हिडिओ काढा. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. सोसायटीकडून सामान नेण्याचा गेटपास आधीच घ्या, नाहीतर टेम्पो खाली उभा आणि वॉचमन सोडत नाही अशी वेळ येते. किल्ल्या दिल्याची पोच मागा. निदान ‘दोन किल्ल्या मिळाल्या, जागा ताब्यात आली’ एवढा मेसेज मालकाकडून घ्या. तो मेसेज नसेल तर तुम्ही अजून राहताय असं म्हणायला त्याला वाव मिळतो, आणि ते महागात पडतं: मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते.

डिपॉझिट कोणाच्या खात्यात यायचं हेही आधी ठरवा. शक्यतो दोघांचे वाटे दोन खात्यांत थेट मागा. एकाच्या खात्यात सगळं आलं की दुसऱ्याला पुन्हा मागत बसावं लागतं, आणि तोवर बोलणंही बंद झालेलं असतं.

पैसे अडकले तर

मालकाकडे असोत की जोडीदाराकडे, क्रम तोच. आधी रक्कम आणि तारीख लिहून आठवण द्या. सात-आठ दिवसांत काही झालं नाही तर वकिलाकडून नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. तिथे दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणत तो काळ घालवू नका.

शब्द मालकानेच मोडला तर

मुदत संपायच्या आधीच ‘फ्लॅट विकलाय, आठ दिवसांत निघा’ असं सांगितलं जातं, किंवा दोघांचं लग्न झालेलं नाही हे कळल्यावर दार बंद होतं. मालकालाही करारातली नोटीस पाळावी लागते. पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हा त्याचा मार्ग नाही. जागा ताब्यात घ्यायची तर त्याने भाडे नियंत्रण अधिनियमाखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात जायचं असतं. अशा वेळी हुज्जत न घालता व्हिडिओ काढा, ११२ ला फोन करा, नोंदणीकृत करार दाखवा.

दोन प्रौढ माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून एजंट सुचवतो तसं करारात ‘पती-पत्नी’ लिहून घेऊ नका. उघडं पडलं की खोटी माहिती दिल्याचं निमित्त मालकाच्या हाती लागतं. दोघांची खरी नावं घालून राहू देणारं घर शोधायला वेळ लागतो, पण भांडण झालं की तोच करार तुमच्या बाजूने बोलतो.

लग्नाचं वचन आणि कायदा

इथे फार काळजीने बोलायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ प्रमाणे, पाळायचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यातला कळीचा भाग आहे हेतू, आणि तो वचन देतानाचा. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला: सुरुवातीपासून खोटं असलेलं वचन वेगळं, आणि मनापासून दिलेलं पण पुढे पाळता न आलेलं वचन वेगळं. दुसऱ्यात दुःख आहे, गुन्हा नाही.

तो आधीच विवाहित होता, नाव किंवा ओळख खोटी होती, एकाच वेळी दुसरीकडे लग्न ठरवत होता, असं काही हाती आलं तर वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला भेटून तक्रार करा, आणि लोक काय म्हणतील म्हणून मागे हटू नका. पण ४० हजार परत मिळवायला हे कलम दाखवणं टाळा. तुमची तक्रार पुढे खरी असली तरी ‘पैशासाठी केली’ असं म्हणायला तो मेसेज पुरतो.

लग्न करायला न्यायालय कोणाला भाग पाडत नाही. साखरपुडा झाला, हॉलचे पैसे भरले, असा प्रत्यक्ष खर्च झाला असेल तर त्याची भरपाई दिवाणी मार्गाने मागता येते. खासगी फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पुरुषांनीही द्यावी.

वस्तूंचं थोडक्यात: दिलेली भेट परत मागायचा हक्क नसतो. उसने दिलेले पैसे मागता येतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, गादी ज्याच्या बिलावर त्याची. दोघांनी मिळून घेतलेल्या वस्तू आजच्या किमतीला एकाने ठेवाव्यात आणि दुसऱ्याला निम्मे द्यावेत.

आणि या सगळ्या धावपळीत झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन करा. घराचा हिशेब त्यासाठी दोन दिवस थांबू शकतो.

पुढच्या घराआधी दोघांनी लिहायचा कागद

पुन्हा कोणासोबत घर घेताना, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो, घरमालकाच्या कराराशिवाय आपसात एक पानाचा करार करा. विश्वास कमी आहे म्हणून नव्हे. चांगल्या दिवसांत लिहिलेल्या अटी दोघांनाही न्याय देतात. मजकूर एवढा पुरे:

‘डिपॉझिट एकूण एक लाख. त्यात ‘अ’चे ६० हजार, ‘ब’चे ४० हजार. भाडं आणि बिलं निम्मी-निम्मी, दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत. एकाला आधी जायचं असेल तर त्याने दुसऱ्याला ४५ दिवस आधी लेखी सांगायचं. लॉक-इनमध्ये गेल्यास उरलेल्या लॉक-इनचं भाडं जाणाऱ्याने द्यायचं. राहणाऱ्याने घर ठेवलं तर जाणाऱ्याचा डिपॉझिटचा वाटा ३० दिवसांत परत करायचा. डिपॉझिट ज्याच्या त्याच्या खात्यात परत येईल असं घरमालकाला कळवलं आहे.’

दोघांनी सही करायची, तारीख घालायची, एकेक प्रत ठेवायची, आणि डिपॉझिटचे पैसे पाठवताना यूपीआयच्या नोंदीत ‘डिपॉझिटचा वाटा’ असं लिहायचं.